कोरडा कागद

सोमवार, १४ जानेवारी २०१९

कमरेला पाणबुड्याचा शिशाचा पट्टा, हातात पाण्याखालच्या कॅमेऱ्याची पेटी आणि पाठीवर हवेचं सिलिंडरच नाही! असा चालत निघाला होता माझा नवरा समुद्रात. पाणी छातीपर्यंत आलं होतं. अब्दुशकूर धक्क्यावर जाळी धूत होता म्हणून बरं. कपड्यांनिशी उडी मारून त्याने बखोट धरून बाहेर ओढला.

घरी आणून सोडताना अब्दुशकूर म्हणाला, "बाई, एकतर कॅप्टनला कुलपात ठेवा, नाहीतर त्या पेटीला. हवा सोडून सगळं घेऊन निघाले होते!" कुसैरमध्ये सगळे मला बाईच म्हणतात. निम्म्या गावाला मी भूगोल शिकवलाय.

रिफात घोंगडीत कुडकुडत होता आणि वर माझ्यावरच चिडला होता. "इटालियन लोक बोटीवर थांबलेत. तुझ्यामुळे उशीर झाला." ते इटालियन कधीच आपापल्या घरी जाऊन म्हातारे झाले असतील.

कैरोला हाझिमला फोन केला. पोरगा म्हणाला, "आई, ते भंगार अजून घरात आहे? आता टेपवर कोण शूटिंग करतं? पोरं काड्यापेटीएवढा कॅमेरा कपाळाला बांधून उतरतात. काढून टाक." त्याचं चूक नाही. आम्ही घेतली तेव्हाच ती पेटी जुनी होती, एका जर्मनाने वापरून टाकलेली. माझ्या बांगड्या गेल्या तिच्यात. पण याच पेटीने आम्हाला जेवू घातलं. दिवसा हा पाण्याखाली पर्यटकांचं शूटिंग करायचा, संध्याकाळी त्यांच्या हॉटेलात टेप विकून यायचा. हाझिमची फी त्यातूनच गेली. हे त्याला सांगितलं नाही.

शिशाचा पट्टा अब्दुशकूरला जाळ्यासाठी देऊन टाकला.

मंगळवार, १५ जानेवारी

पेटी लपवली. गच्चीवर, कबुतरांच्या खुराड्यामागे.

गुरुवार, १७ जानेवारी

दोन दिवस घर उलटंपालटं करतोय. पलंगाखाली, पिठाच्या डब्यात, फ्रिजमध्ये! काल जेवला नाही. आज बाकल्याच्या दाण्यांचं फूल शिजवलं, वर जिरं, लिंबू, जसं त्याला आवडतं तसं. ताट ढकलून दिलं.

दुपारी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. अगदी अदबीने, हात बांधून. "बाई, तुम्ही कोण? नाही, म्हणजे माफ करा—माझी पेटी कुठे पाहिलीत का? त्याशिवाय मला कुणी कामावर घेणार नाही."

मला बाई म्हणाला. एतिदाल नाही, बाई. रिफात!

गच्चीवर जाऊन खुराड्यापाशी बसले. पोटभर रडून घेतलं. मग पेटी खाली आणली.

शनिवार, १९ जानेवारी

पेटी मिळाल्यापासून घरात शांतता आहे. टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसतो. झाकणाचं रबरी कडं काढतो, बोटाने चाचपतो, ग्रीस लावतो, पुन्हा बसवतो. समोरची काच लोकरीच्या कापडाने पुसतो. नावं विसरला, दिवस विसरला, मला विसरतो—हे नाही विसरला.

आज मात्र उठल्या उठल्या म्हणाला, "उतरायचंय." नाही म्हटलं असतं तर एकटा गेला असता. म्हटलं, "आधी पेटी तपासायची ना?" लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे त्याचा नियम—कॅमेरा बाहेर काढायचा, रिकाम्या पेटीत एक कागदी रुमाल ठेवायचा, झाकण लावायचं आणि पेटी पाण्यात सोडायची. वर काढल्यावर कागद कोरडा तरच कॅमेरा आत घालून उतरायचं.

चेहरा उजळला त्याचा. "शाब्बास! घाईघाईने उतरतो तो मूर्ख."

धक्क्यावर गेलो. रिकामी पेटी तरंगते, म्हणून जाळीच्या पिशवीत दगडाबरोबर घातली आणि दोरीने खाली सोडली. तो पाण्याकडे पाहत बसला, मी त्याच्याकडे. वर काढल्यावर खटके मी उघडले, त्याची बोटं आता वळत नाहीत. दोरी ओढून माझी बाही भिजली होती. त्यातला एक थेंब टपकन कागदावर!

कागद बघितला त्याने. "गळतेय," म्हणाला. "आज नाही उतरायचं." आणि गुमान घराकडे वळला. आरडाओरडा नाही.

मी दोरी गुंडाळत राहिले.

रविवार, २० जानेवारी

आज मुद्दाम केलं.

शुक्रवार, २५ जानेवारी

रोज करते. पेटी उघडायच्या आधी बोट ओल्या दोरीला लावायचं, उघडताना कागदाला टेकवायचं. लहानपणी आईच्या डब्यातला गूळ चोरायचे तितकं सोपं. सकाळी धक्का, मग घरी चहा, मग दिवसभर त्याचं रबर आणि ग्रीस. माझी पाठ जरा टेकते.

पण आता तो नवं कडं शोधतोय. या पेटीची कडी आता जगात कुणी बनवत नाही. मला सांगतो, "हुरघाडाला जाऊन आण." मी हो म्हणते.

काल गळली हे त्याला आज आठवत नाही. तरी उघडायच्या वेळी तोंड पडलेलंच असतं. घटना विसरतो, लाज नाही विसरत! हे कुठल्या डॉक्टरने मला सांगितलं नव्हतं.

मंगळवार, २९ जानेवारी

"रोबाबेक्याऽऽ!" करत भंगारवाल्याची गाढवगाडी गल्लीत आली. मी दाराशीच होते. पेटी उन्हात ओट्यावर. त्याने उचलून हलवून पाहिली.

"हे काय? कुकर?"

"कॅमेऱ्याची पेटी आहे."

"अ‍ॅल्युमिनियम आहे, खाला. वजनावर घेतो. वर हा निळा टब देतो, घ्या, मजबूत आहे."

टब खरंच चांगला होता. क्षणभर मनात आलं, द्यावी. तेवढ्यात आतून रिफात आला. "हात लावू नकोस! खारट हात तुझे!"

"हाजी, काय शिजायचं यात?"

"तुझ्या बापाचं डोकं."

भंगारवाला हसत हसत गेला. मीही हसले. किती दिवसांनी! रिफात नाही हसला. पेटी छातीशी धरून आत गेला.

शनिवार, २ फेब्रुवारी

हाझिमचा फोन. हुरघाडात कुणी कॅफे काढतोय, त्याला भिंतीवर टांगायला जुनं समुद्री सामान हवंय. जाळं, शंख, पितळी घंटा—आणि आमची पेटी. "खाली बाबांचं नाव लिहितील, आई. भंगारात जाण्यापेक्षा बरं ना?"

बरं आहे. विचार करून सांगते म्हटलं.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

आज धक्क्यावरच रडला.

ओला कागद हातात धरून बसला होता. "माझ्या हातची पेटी कधी गळली नाही. जर्मन म्हणायचा, रिफात, तुझ्या हातात देव आहे. आता बघ. हातच गेला माझा." नाक पुसायला तोच कागद घेतला.

सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं होतं. रिफात, तुझा हात नाही गेला, ही माझी लबाडी आहे! पण सांगितलं तर कॅमेरा आत घालून उतरेल. त्याचा जीव राखायचा की मान? दोन्ही राखता येत नाहीत. जीव राखला. घरी येऊन भांडी आपटत घासली.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

नमाजानंतर धक्क्यावर डायव्हिंग सेंटरची पोरं बसली होती. रिफातनेच पोहायला शिकवलेली त्यातली दोघं. एकाने हाक मारली, "कॅप्टन, पेटी गळते की कॅप्टन?" बाकीचे खिदळले.

रिफातने मान खाली घातली. पूर्वीचा असता तर त्याला तिथल्या तिथे पाण्यात ढकललं असतं!

मी त्या पोराला झापलं. वर्गात झापायचे तसं. कान लाल होऊन उठून गेला. पण घरी येईपर्यंत एकच डोक्यात—त्या पोराचा काय दोष? गावात ही बातमी रिफातनेच पसरवली, आणि त्याच्याकडे ती माझ्या बोटातून आली.

सोमवार, ११ फेब्रुवारी

हाझिमला हो कळवलं. कॅफेवाल्याचा माणूस परवा दुपारी येईल.

शोधेल. खुराड्यावेळी शोधली तशी. जेवणार नाही, मला बाई म्हणेल, मग हळूहळू तेही विसरेल. असं मी स्वतःला समजावते. रोज सकाळी त्याला थोडंथोडं मारण्यापेक्षा एकदाच दुःख दिलेलं परवडलं. असंही समजावते. पटत काहीच नाही.

आज टेबलाशी त्याच्याजवळ बसले. त्याने कडं माझ्या हातात दिलं, म्हणाला, "डोळे मिटून बोट फिरव. केस अडकला असेल तर कळतो." डोळे मिटून फिरवलं. केस नव्हता. वाळूचा कण नव्हता. काही नव्हतं. इतकं गुळगुळीत!

मंगळवार, १२ फेब्रुवारी

ठरवलं. उद्या शेवटची सकाळ. उद्या कागदाला बोट लावणार नाही.

एकदा तरी कोरडा बघू दे त्याला. पेटी भिंतीवर जायच्या आधी एकदा त्याला कळू दे की हात शाबूत आहे. अब्दुशकूरला भेटून आले. तो धक्क्याच्या टोकाशी नाव लावून थांबेल. रिफात उतरलाच तर कमरेइतक्या पाण्यात दोघं मिळून धरू. अब्दुशकूर म्हणाला, "बाई, हे डोकं तुमचं की कॅप्टनचं?" तरी यायला तयार झाला.

रिफातला नवा सदरा काढून ठेवलाय. त्याला कारण विचारायचं सुचलं नाही.

बुधवार, १३ फेब्रुवारी

वारा पडला होता. पाणी तळापर्यंत स्वच्छ. नाव जागेवर होती.

पेटी वर काढली. मी हात आधी ओढणीला नीट पुसले, मग खटके उघडले. कागद कोरडा ठणठणीत. घडीसुद्धा मोडली नव्हती. त्याच्यापुढे धरला.

त्याने कागद पाहिला. नावेत उभ्या अब्दुशकूरकडे पाहिलं. मग माझ्याकडे, बराच वेळ. मग वाकला, बोट समुद्रात बुडवलं आणि कागदावर टेकवलं. अगदी मी टेकवते तिथेच, कोपऱ्यात.

"गळतेय," म्हणाला. "चल एतिदाल, घरी चहा टाक."

घरी येऊन आधी चहा टाकला, मग हाझिमला फोन केला. पेटी द्यायची नाही म्हटलं.