मागच्या खोलीतली रेंज

३ मे

आज पुन्हा बोलता बोलता फोन तुटला. पुढे आमच्या उदबत्तीच्या दुकानात वाय-फाय धो धो, आणि इथे माझ्या खोलीत ठणठणाट! आमच्या लुकांग गावातली घरं म्हणजे बोगदे, अरुंद नि लांबच लांब — राउटर बिचारा तरी किती ओरडणार. सून म्हणाली, "आई, मी करते काहीतरी." मनात म्हटलं, ही काय करणार.

५ मे

केलं! मानलं बाई हिला.

सुनेने, युन-शानने, पांढरी डबी आणली — ॲक्सेस पॉइंट म्हणतात, पुढचं वाय-फाय मागे पोचवते. डबी वायरने च्या-होंगच्या लॅपटॉपला जोडली. माझा मुलगा च्या-होंग गेल्यापासून तो लॅपटॉप कुणी उघडला नव्हता. तिने तो सरळ उघडला. मी नजर वळवली. डबीच्या पाठीवरचे आकडे तिने वरच्या पट्टीत टाकले आणि एक पान उघडलं. इंटरनेटवरचं नाही, डबीच्या आतलंच. नवलच!

"डबीचा पत्ता, म्हणजे हे आकडे, आधी बदलायचा. राउटरचा आणि हिचा एकच राहिला तर दोघं भांडतात, घरभर नेट बंद."

"आणि नाव?"

"नाव-पासवर्ड मात्र जुनाच. म्हणजे आपले फोन हिला आपणहून ओळखतील."

जुनं नाव च्या-होंगनेच ठेवलेलं — 'बोगदा'. ते टाकताना मात्र ती जरा थांबली. मग पुढच्या राउटरकडून आलेली वायर डबीला लावली. पानावर यादी दिसली, कोणकोणते फोन जोडलेत त्याची. माझा आणि तिचा. शेवटी इथल्या रीतीप्रमाणे मक्याच्या खाऊची हिरवी पुडी डबीवर ठेवली, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. इंजिनिअर झाली तरी पुडी विसरली नाही, हे मला फार आवडलं.

"सगळं शिकून घ्या हं, आई."

"मला कशाला? तू आहेस ना."

तिने पुन्हा पहिल्यापासून सगळं दाखवलं.

६ मे

दूर शिन्चू शहरात कारखान्यात नोकरी लागलीय तिला. म्हणून शिकवत होती.

मी "जा" म्हणाले. मुलगाच राहिला नाही, सुनेला कुठल्या तोंडाने थांबवू? पण जाऊ नये असं वाटतं. फार वाटतं.

२२ मे

तिचा रोज संध्याकाळी फोन येतो. "आई, जेवलात?" माझा फोन घरच्या वाय-फायवरच चालतो, दिवसभरात बोलायची तेवढीच ती वेळ. नंतर मी ते पान उघडते. यादीत एकच नाव. माझं.

९ जून

पुडीला मुंग्या लागल्या. दुकानात हिरवी नव्हती, पिवळी आणली. पिवळी गल्ल्यावर ठेवतात, यंत्रावर नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हटलं, काय बिघडतंय.

बिघडलं! दिवा लुकलुकायला लागला. डबीच्या मागच्या बारीक भोकात युन-शानला पिन घालताना पाहिलं होतं, मीही केसांतला आकडा खुपसला आणि दाबून धरला. आता डबी कोरी. जुना पत्ता परत आला असणार, राउटरशी भांडत बसली. पुढेही नेट नाही, मागेही नाही.

१० जून

काल फोन नाही. आज नाही. शेजारच्या त्साईबाईंकडून तिला करता आला असता. पण सांगू काय — पिवळी ठेवली?

११ जून

सकाळपासून बसले आहे. तिने शिकवलेलं आठवून आठवून. डबी राउटरपासून तोडली, लॅपटॉपला लावली. आकडे टाकले. पान उघडेना. वायर नीट बसली नव्हती, मूर्ख बाई! मग उघडलं. पत्ता बदलला. नाव — बोगदा. पासवर्ड — च्या-होंगचा वाढदिवस, तो कशी विसरेन. राउटरची वायर परत लावली. दिवा हिरवा.

मी केलं हे, मी! पोरीने काय छान शिकवलं होतं. आता संध्याकाळी फोन येईल. तिला काय सांगू? सांगून टाकू का — घर रिकामं वाटतं गं, ये?

११ जून, संध्याकाळ

फोन आला नाही. पान उघडलं. यादीत दोन नावं. मला वाटलं, काहीतरी चुकवलं. दुसरं नाव वाचलं — युन-शान. म्हणजे तिच्या फोनने डबी ओळखली, ती मागच्या गल्लीत आलीय! मागचं दार वाजायच्या आत उघडलं. बॅग खांद्यावर, डोळे रडलेले. "आई, फोन का लागत नव्हता? मला वाटलं, तुम्हीसुद्धा..." हातात हिरवी पुडी.