गरम हवेचा रकाना

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी कंबर सध्या वाकत नाही, तेव्हा सात पोचली असं धर.) तुझा डोळा कसा आहे, लाल होतो का, थेंब वेळेवर घालतेस का, आणि थेंब पडायच्या आधीच डोळा मिटून घ्यायची सवय गेली का, हे सगळं ओळीनं कळव. आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे हिची प्रकृती ठीक आहे, यंत्राची उत्तम आहे, आणि माझी मान वर होत नाही. (ही मानेच्या मणक्याची तक्रार नव्हे.)

परवा फोनवर तू म्हणालीस की दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन राहू दे, एका डोळ्यानं भागतंय. मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. मग दिवसभर स्वतःला शिव्या घातल्या. तोंडानं बोलायला गेलो तर तू 'अरे, काही नाही रे' म्हणून मला गप्प करशील, म्हणून हे पत्र. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. चष्मा लावून, पाय वर घेऊन बैस आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून कुकर लावू नकोस.

आधी त्या यंत्राची जन्मकथा सांगतो, कारण तुला ती ठाऊक नाही. तू भर उन्हाळ्यात डोळ्यासाठी चाळीस दिवस येणार म्हटल्यावर मी ठरवलं की ताईला घाम म्हणून येऊ द्यायचा नाही. भिंतीत बसवायचं मोठं यंत्र घरमालक लावू देईना (त्याला त्याच्या भिंतीत भोक नको होतं, स्वतःच्या डोक्यात चालतं). म्हणून चाकांवर फिरणारं, हवं तिथं ढकलायचं असं छोटं यंत्र घ्यायचं ठरलं. आता तू जाणतेस, मी कारखान्याच्या खरेदी खात्यात एकतीस वर्षं काढली. तीन कोटेशनं आल्याशिवाय मी तिथं टाचणीसुद्धा घेतली नाही. हिच्याशी लग्नही दोन स्थळं नाकारून केलं, तेव्हा नियम घरातही पाळला आहे. (हे वाक्य हिनं वाचलं तर खाडाखोड दिसेल.)

तर मी तुलनातक्ता केला. चौदा रकाने. वजन, चाकं, रंग, पाण्याची टाकी, वायरीची लांबी, आवाज, आणि तुझ्यासाठी म्हणून खास एक रकाना: रिमोटवरचे आकडे डोळ्याला पट्टी असताना दिसतात का. सहा दुकानं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी एक डोळा हातानं झाकून रिमोट वाचत उभा राहायचो. एका दुकानात बाईंनी आपल्या मुलाला दुसऱ्या बाजूला ओढून घेतलं. शेवटच्या दुकानात आवाजाची चाचणी घ्यायची म्हणून यंत्राजवळ खुर्ची मागितली, डोळे मिटले, आणि जाग आली तेव्हा विक्रेता पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता आणि त्याचा मालक माझी नाडी बघत होता. वीस मिनिटं झोपलो होतो! आवाजाच्या रकान्यात मी 'सर्वोत्तम' लिहिलं आणि तेच यंत्र पसंत केलं.

इथंच माशी शिंकली. त्या विक्रेत्यानं मला एकच प्रश्न विचारला होता. तो म्हणाला, काका, खोलीची खिडकी कशी आहे? आणि मी काय केलं असेल? मी त्याला झापलं. खरेदी खात्याचा नियमच होता की प्रश्न घेणाऱ्यानं विचारायचे, विकणाऱ्यानं फक्त उत्तरं द्यायची. विकणारा प्रश्न विचारायला लागला की समजावं, तो आणखी काहीतरी गळ्यात मारणार. मी त्याला म्हटलं, माझ्या खिडकीची काळजी तू करू नकोस. बिचाऱ्यानं बिल करायला घेतलं. चौदा रकान्यांच्या माझ्या तक्त्यात खिडकीला जागा नव्हती, आणि ते यंत्र आतली गरम हवा ज्या सोंडेएवढ्या जाड नळीतून बाहेर फेकतं, त्या हवेचं पुढं काय होतं यालाही रकाना नव्हता. बोलूनचालून मी खरेदीतला माणूस. माल आत येतो एवढंच मी आयुष्यभर पाहिलं, बाहेर काय जातं ते दुसरं खातं बघायचं.

यंत्र घरी आलं तेव्हा कळलं की आतल्या खोलीची खिडकी आपल्या लोखंडी कपाटामागे आहे. बावीस वर्षं ती तिथंच आहे, पण कपाटाच्या मागं काय आहे हे कोण लक्षात ठेवतं? बसवून देणारा मेकॅनिक आठ दिवसांनी येणार होता आणि तुझं ऑपरेशन तिसऱ्या दिवशी. मग मेकॅनिकला नको म्हणून कळवलं आणि अस्मादिकांनी कंबर कसली. (ती तेव्हाच धरली.) यंत्र शिवणाच्या जुन्या टेबलावर चढवलं, नळी सरळ वर नेली आणि दारावरच्या काचेच्या झडपेतून पलीकडे हॉलमध्ये काढली. फटी हिनं जुन्या चादरीनं बुजवल्या. हॉल मोठा आहे, दुपारी तिथं कोणी नसतं, खिडकी उघडी असते, हवा जाईल निघून. असा माझा हिशोब होता आणि तो करताना मी शीळ घालत होतो हे मला चांगलं आठवतंय.

मग तू दवाखान्यातून आलीस. कपाटामुळं आत दोघांपुरतीच जागा होती. पहिल्याच दुपारी खोलीत दहा मिनिटं बसलीस आणि म्हणालीस, मला बाई गार सोसत नाही, हाडं धरतात, तुम्ही दोघं झोपा आत, मी हॉलमधल्या कॉटवर पडते. आणि आम्ही मानलं! ताई, मी त्रेसष्ट वर्षांचा घोडा झालो तरी तुझं बोलणं शब्दशः खरं मानतो, याला काय म्हणावं? परीक्षेच्या दिवसांत दुपारी मी अभ्यास करता करता पुस्तकावर आडवा व्हायचो आणि तू वहीच्या पुठ्ठ्यानं मला वारा घालत बसायचीस. मी एकदा विचारलं होतं की तुला नाही का गरम होत. तू म्हणालीस, मला गरम होतच नाही. आणि मी कूस बदलून झोपलो होतो. पन्नास वर्षांत तुला खोटं बोलायला नवं काही सुचलं नाही आणि मला ते ओळखता आलं नाही.

त्या अकरा दिवसांतला माझा पराक्रम तर विचारू नकोस. एक ते पाच आम्ही गारव्यात घोरायचो. मी भिंतीवर तापमापक टांगला होता, आणि मधूनच दाराची फट उघडून तुला आकडा ऐकवायचो. चोवीस! तेवीस! (तू म्हणायचीस, हो का, छान.) डॉक्टरांनी डोळ्यावर वारा, धूळ नको म्हणून सांगितलेलं, त्यामुळं तू हॉलची खिडकी लावून घ्यायचीस आणि पंखा एकवर. पाच वाजता आम्ही बाहेर आलो की मी दररोज न चुकता म्हणायचो, बाप रे, आज उन्हाचा काय तडाखा आहे! तोवर तुझा चहा तयार असायचा. हॉलमधल्या टोपलीतली केळी दोन दिवसांत काळी पडत होती, तर मी केळीवाल्याला भर रस्त्यात बोल लावले आणि काळ्या यादीत टाकलं. दुसरा धरला. त्याचीही केळी काळी पडली, त्यालाही टाकलं. तिसऱ्याकडे वळलो, पण टोपलीवर नळीचं तोंड रोखलेलं आहे हे मान वर करून पाहिलं नाही. आणि त्याच टोपलीशेजारी तुझी उशी होती.

बाराव्या दिवशी तू म्हणालीस की घरच्या झाडांना पाणी घालायला कोणी नाही, निघते. चाळीस दिवसांची म्हणून आलेली तू बाराव्या दिवशी पिशवी भरलीस. मला राग आला. आणि बसमध्ये तुला बसवून देताना मी म्हणालो, एवढं यंत्र तुझ्यासाठी आणलं, तुला त्याची किंमत नाही. तू खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या शर्टाची कॉलर नीट केलीस. बस गेली. मी घरी येऊन हिच्यापाशी तुझ्याबद्दल आणखी दोन वाक्यं बोललो, ती इथं लिहवत नाहीत.

तू गेल्यावर दुसऱ्याच दिवशी यंत्रावर लाल दिवा लागला आणि ते बंद पडलं. मी मेकॅनिकला बोलावलं आणि आल्याआल्या सुनावलं की अकरा दिवस माल उत्तम चालला, आज बिघडला. त्यानं खालचं झाकण उघडलं. म्हणाला, काका, बिघडलं नाही, टाकी भरलीय. आतापर्यंत कोण रिकामी करत होतं?

मी म्हटलं, कोणी नाही. हे यंत्र पाणी धरतच नाही. (माझ्या तक्त्यात पाण्याच्या रकान्यात मी 'नगण्य' लिहिलं होतं, पुढं बरोबरची खूण.) तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिनं सांगितलं की मी सकाळी फिरायला गेलो की वन्सं एक पातेलं घेऊन खोलीत जायच्या आणि गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायच्या, तिला वाटायचं, नळाचंच पाणी आहे. डॉक्टरांनी तुला वाकायचं नाही, जड उचलायचं नाही असं माझ्यासमोर बजावलं होतं, ताई. डोळ्यावर पट्टी बांधून तू माझं यंत्र रिकामं करत होतीस, आणि मी बागेत चार जणांना त्याचे गुण सांगत होतो.

मग मेकॅनिकनं टाकी रिकामी करून यंत्र सुरू केलं आणि नळीवरून नजर वर नेली. झडपेपर्यंत नेली. दार उघडून हॉलमध्ये गेला, कॉटपाशी उभा राहिला, हात वर करून नळीच्या तोंडाशी धरला आणि झटकन मागं घेतला. त्यानं एवढंच विचारलं, इथं कोण झोपतं?

मीही नळीच्या तोंडाशी हात धरून पाहिला. हिनं डोळ्याला पदर लावला. मेकॅनिकला वाटलं, घरात कोणी गेलंय की काय, आणि तो चहा न घेताच निघाला.

तेव्हापासून मी सगळ्यांची माफी मागत फिरतोय. दोन्ही केळीवाल्यांची मागितली. (पहिल्यानं माफ केलं, दुसऱ्यानं दोन डझन गळ्यात घातली.) दुकानात जाऊन त्या विक्रेत्याला सांगितलं की तुझा प्रश्न बरोबर होता. त्याला मी आठवलो नाही, पण मी कुठं झोपलो होतो ते सांगितल्यावर लगेच आठवलो. आता तू एकटी राहिलीस. खरं तर सुरुवात तुझ्यापासून करायला हवी होती, पण जिथं तोंड दाखवायला सर्वांत जड जातं तिथं माणूस शेवटी जातो. ताई, बसपाशी मी जे बोललो ते मला परत घ्यायचं आहे. शिक्का मारून, सही करून, विनाअट परत.

बाकी ठीक. झाडांना नमस्कार सांग.

तुझा,
पुठ्ठ्याच्या वाऱ्यावर वाढलेला धाकटा

ता. क. – कपाट काल हलवलं. मेकॅनिकनं दोन माणसं आणली होती. नळी आता खिडकीतून थेट बाहेर जाते. टाकीसमोर मी पाटी लावली आहे: 'रोज सकाळी रिकामी करणे. जबाबदारी: धाकटा.' डॉक्टरांकडून दुसऱ्या डोळ्याची तारीख मी तुला न विचारताच घेऊन ठेवली आहे, पुढच्या महिन्याची नऊ. पत्र एवढं लांबलं ते एवढ्याचसाठी. ये.

ता. क. २ – वन्सं, मी लिहितेय. यांनी पत्र पाकिटात घालायला दिलं म्हणून वाचलं. (दोन स्थळं कोणती नाकारली ते मी नंतर बघते.) एक गोष्ट यांनी लिहिली नाही. मेकॅनिक येऊन गेल्यापासून कपाट हलवेपर्यंत हे रोज दुपारी यंत्र चालू करून हॉलमध्ये तुमच्या कॉटवर पडायचे, खिडकी लावून, पंखा एकवर ठेवून. किती वेळ टिकता येतं ते वहीत लिहायचे. सगळ्यात जास्त चाळीस मिनिटं. मग शर्ट पिळून दोरीवर टाकायचे. आता खोली नीट गार होते, पण आत यायला तयार नाहीत, म्हणतात ताई आल्यावर. आणि माझंही सांगते. पहिल्या दुपारी माझ्या मानेवरचा घाम बघून तुम्ही 'मला गार सोसत नाही' म्हणालात, ते मला कळलं होतं. कळूनही मी आत जाऊन झोपले. तुम्ही या. कॉट मी तुमच्यासाठी आतच लावली आहे.

ता. क. ३ – हिचं वाचलं. चाळीस नव्हे, त्रेचाळीस. वहीत आहे. तू रोज चार तास, असे अकरा दिवस. ताई, मी पुठ्ठा शोधून ठेवलाय. वीज गेली तर या वेळी वारा मी घालीन, आणि मला गरम होतच नाही.