सुताराच्या लेकीनं पाडलेली शाळा

प्रिय अप्पा,

काल आपल्या गावात नव्या शाळेचं दार उघडलं. शाळा समितीची अध्यक्ष म्हणून मला माईकवर बोलायला लावलं आणि मी बोलले, चांगली ठणठणीत बोलले. पण एक गोष्ट माईकवर सांगण्यासारखी नव्हती. ती फक्त तुम्हाला सांगायची होती. तुम्हाला वाचता येत नव्हतं, पेपर मीच वाचून दाखवायची. तेव्हा हे पत्रही मीच मोठ्यानं वाचते. ऐका.

जुनी शाळा तुमची होती. गावानं दगडमातीच्या भिंती घातल्या, पण किंदळीच्या लाकडाचे वासे तासून छप्पर चढवलं ते तुम्ही. त्याआधी पोरं देवळात बसायची. पाटी कधी धरली नाही, पण शाळा बांधली, असा माणूस! शाळेवरून जाताना तुम्ही मान वर करून आढं बघायचात. मी चौथीत असताना मला त्याची लाज वाटायची. पोरी हसायच्या ना!

दोन वर्षांमागच्या पावसात वर्ग चालू असताना कौल सुटलं आणि माझ्या रेखाच्या वहीवर येऊन फुटलं. हातभर अंतरावर तिचं डोकं होतं. भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली होती. गुरुजींनी बैठक बोलावली. नवी इमारत मागायची, ही पाडायची, असं ठरत आलं आणि तुम्ही उठलात.

"मी हाय तवर त्या आढ्याला कुणी हात लावायचा न्हाई."

मग मी काय म्हणाले, आठवतं? "अप्पा, तुमचं आढं मोठं की माझी लेक?"

तुम्ही टॉवेल खांद्यावर टाकला आणि निघून गेलात. तुमच्या घरापासून दहा घरांवर माझं सासर, तरी पंधरा दिवस तुम्ही माझ्या दारात आला नाहीत.

मी खरं बोलले होते, अप्पा. पण ते घरात, चुलीपुढं बसून बोलायला हवं होतं. चारचौघांत नाही. हेच माईकवर सांगता आलं नाही.

पण तुमचंही चुकलंच! इतकी वर्षं खालून बघत राहिलात. एकदाही वर चढून का नाही पाहिलंत?

सोळाव्या दिवशी, रविवारी सकाळी, तुम्ही मला शाळेत बोलावलंत. मी पोचले तर तुम्ही शिडीवर. या वयात!

"सुमे, वर ये."

मी चढले. तुम्ही आढ्यावर पटाशी टेकवली आणि नुसती दाबली. हातोडीसुद्धा मारली नाहीत. पटाशी मुठीपर्यंत आत गेली. बाहेरून तेवढं गुळगुळीत लाकूड, आणि आत वाळवीची माती.

"आतनं खाल्लंय सगळं," तुम्ही म्हणालात. "उद्यापासनं पोरास्नी हितं बसवू नगं."

खाली उतरून तुम्ही तडक गुरुजींच्या खोलीवर गेलात. पोरांना बसायला देवळातली सतरंजी स्वतः झाडून अंथरलीत. तुम्ही रडलात की नाही, मला कळलं नाही. तुम्ही पाठ करून उभे होतात.

कागद फिरायला वर्ष गेलं. तुमची छाती भरली ती त्या उन्हाळ्यात. खाटेवरूनही तुमचं तेच चालू होतं. "सपाट छप्पर घेऊ नगं, सुमे. हितला पाऊस लई वाईट. उतार पायजे." मी म्हणत होते, अप्पा, आधी औषध घ्या. तुम्ही म्हणायचात, "व्हय म्हण आधी."

मी व्हय म्हणाले. मंजुरी येण्याआधीच तुम्ही गेलात.

मग इंजिनियर साहेब नकाशा घेऊन आले. सपाट स्लॅब! मी सही करीना. "अक्का, नकाशा वरून आलाय," साहेब म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, पाऊससुद्धा वरूनच येतो. आषाढात दोन दिवस मुक्कामाला या, मग सही घ्या." आणि माणूस खरंच आला! ओढ्याला पाणी आलं आणि दोनाचे चार दिवस राहिला. पाचव्या दिवशी त्यानं स्वतःच नकाशावर उतरतं छप्पर काढलं.

जुनी शाळा पाडली तेव्हा मी सकाळपासून उभी होते. धड निघालेली कौलं बायकांनी हातोहात उतरवली, ती आता स्वयंपाकखोलीवर चढली आहेत. मला वाटलं होतं मी रडेन. नाही रडले. वाईट वाटलं ते लोकांच्या बोलण्याचं. "पोरीनं बापाची शाळा पाडायला काढली, बाप त्याच दुखण्यानं गेला." पाणवठ्यावर, लग्नाच्या मांडवात, सगळीकडं ऐकलं.

म्हणून काल माईक हातात आल्यावर मी आधी तेच सांगितलं. जुन्या शाळेतून पोरं बाहेर काढा, हे सगळ्यांत पहिल्यांदा कुणी सांगितलं? माझ्या अप्पांनी. शिडी, पटाशी, सगळं सांगितलं. तुमचे जोडीदार नारबा मागच्या रांगेत होते. उठून म्हणाले, "आमाला ठावंच न्हवतं की गं, पोरी!" मला फार हलकं वाटलं.

माझं बैठकीतलं बोलणं मात्र राहिलं आहे. त्याची माफी मागते, अप्पा. शाळा पाडल्याची मागत नाही.

आता पुढचं ऐका. आपल्याकडं पाचवीपर्यंतच वर्ग. पुढं पोरींना एक तर वसतिगृहात धाडायचं, नाही तर घरी बसवायचं. रेखा यंदा पाचवीत आहे. सहावीचा वर्ग इथंच सुरू व्हावा म्हणून मी घरोघर फिरून अर्जावर पालकांच्या सह्या घेतल्या आहेत. उद्या सकाळच्या बसनं जोयड्याला, तालुक्याच्या कचेरीत जाऊन तो देणार. पहिल्या खेपेला होणार नाही, हे मला माहीत आहे. होईपर्यंत जात राहीन, हा शब्द देते.

सहावीच्या वर्गाची खोली रिकामी ठेवली आहे. काल कुणीतरी तिथं जादा बाकं टाकायला निघालं होतं. मी टाकू दिली नाहीत.

तुमची,
सुमी