‘पडून राहिला’ या दोन शब्दांची व्यवस्था

मी, चिंतामण गोपाळकृष्ण दातार, वय वर्षे छप्पन, पूर्वीचा शाळामास्तर, मूळ राहणार पुणे, सन १९१० पासून राहणार उमरावती, मध्यप्रांत व वऱ्हाड, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो की, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था खालीलप्रमाणे व्हावी. छाती अधू आहे. डोके शाबूत आहे, माझ्या मुलीचे मत काहीही असो.

कलम १. राहते घर व भांडीकुंडी सदर मुलगी कुंदा हिला. परसातल्या लिंबाची फांदी शेजारच्या कौलांवर गेली आहे, ती तोडू नये. शेजारी चौदा वर्षे तिच्यावरून भांडत आले आहेत. माझ्यामागे त्यांना अगदीच करमणार नाही.

कलम २. पुस्तके शाळेस. मराठी व्याकरणाची तीन वगळावीत. ती शिकवण्याचा माझा अधिकार किती होता, ते पुढील कलमात दिसेल.

कलम ३. पितळी शिट्टी. हिची हकीकत सांगितल्याशिवाय ती कोणाला देता येत नाही.

मी येथे येऊन तीनच महिने झाले होते. नागपंचमीच्या कुस्त्यांच्या दंगलीत उमरावतीचा चंद्रभान गावंडे आणि अकोल्याचा गोवर्धन यांची शेवटची कुस्ती होती. चंद्रभान जिंकला तर तालमीची उस्तादी त्याला द्यायची, असे ठरले होते. मी ना इकडचा ना तिकडचा, म्हणून मला पंच केले. गोवर्धनने चंद्रभानला उचलले तेव्हा दोघे पलीकडच्या बाजूला वळलेले होते, मला चंद्रभानची पाठ दिसेना. पलीकडे माझा मदतनीस, इथलाच सहदेव, उभा होता. मी ओरडून विचारले, पाठ टेकली का? तो म्हणाला, “पडून राहिला.” मी शिट्टी फुंकली. चंद्रभान हरला.

पुण्यात पडून राहिला म्हणजे पडला आणि तसाच राहिला. वऱ्हाडात त्याचा अर्थ, आत्ता पडतो आहे, अजून पडलेला नाही. हे मला चार महिन्यांनी कळले. स्वयंपाकाच्या दुर्गाबाई माजघरातून म्हणाल्या, “दूध उतू जाऊन राहिलं.” मी चुलीपाशीच बसलो होतो. म्हटले, गेले ते गेले. त्या धावत आल्या, पातेले उतरवले, आणि त्यात दूध जवळजवळ सगळे होते. त्या पातेल्याकडे पाहताना मला सहदेवचे शब्द आठवले.

तोवर उस्तादी दुसऱ्याकडे गेली होती आणि चंद्रभान अकोटला जिनिंगात कापसाच्या गाठी उचलू लागला होता.

तरी एक गोष्ट मला सोडेना. शिट्टीनंतर त्याच्या पाठीला माती मी या डोळ्यांनी पाहिली होती. मग निकाल चुकून बरोबर तर नव्हता? अठ्ठावीस वर्षे मी हेच शोधले. सहदेव म्हणे, मी बरोबरच सांगितलं होतं, तेही खरेच. गोवर्धन भला माणूस, म्हणाला की चंद्रभानचे अंग हातात एकाएकी हलके झाले. का, ते त्यालाही ठाऊक नव्हते. माती पाठीला कशी लागते हे पाहण्यासाठी मी स्वतः तालमीच्या हौद्यात तीनदा आडवा पडलो. दुर्गाबाईंनी सदरा पाहून वैद्य बोलावला. सगळ्यांना विचारले, फक्त चंद्रभानला विचारले नाही. मला लाज वाटत होती.

मागच्या आठवड्यात त्याला कार्ड टाकले. तो आला, चहा घेतला, आणि मी विचारताच म्हणाला, “मास्तर, शिट्टी आइकली अन् मी अंग सोडलं. पंचानं शिट्टी देल्यावर लढाचं नसते. मंग पाठ टेकली.”

म्हणजे त्याला गोवर्धनने पाडले नाही, मी पाडले. मला रडू आवरेना. त्याने सुपारी कातरून माझ्या हातावर ठेवली आणि गप्प बसून राहिला, पुणेरी अर्थाने.

शिट्टी शाळेच्या खेळमास्तरांस द्यावी. फुंकण्याआधी, आपण ऐकले तेच समोरचा म्हणाला का, हे त्यांनी एकदा विचारून घ्यावे.

कलम ४. सन १९१० चा माझा निकाल चूक होता. येत्या नागपंचमीस, पहिली कुस्ती लागण्याआधी, कलम ३ कमलाकांत वकिलांनी तालमीत मोठ्याने वाचावे. पंच म्हणून मला बांधलेला गुलाबी फेटा मी पुन्हा डोक्याला लावला नाही. तो चंद्रभानला द्यायचा होता. पण वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याची साक्ष घेऊ नये, दोन्हींतले एक ठरवा. चंद्रभानने ठरवायला वेळ लावला नाही. म्हणाला, “फेटा नाई पायजे मले. साक्ष घाला माही. तवा कोनी इचारलंच नाई.” सबब फेट्याची कुंदाने गोधडी शिवावी.

कलम ५. साक्षीदार आपापल्या बोलीत लिहितील. त्यांचे शुद्धलेखन वकिलांनी तपासू नये, कोर्टानेही तपासू नये.

हे वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही केली.

मुक्काम उमरावती, तारीख १४ नोव्हेंबर १९३८
चिंतामण गोपाळकृष्ण दातार

साक्षीदार
१. कमलाकांत महादेवराव जोगळेकर, वकील. सदरहू सही माझे समक्ष झाली.
२. चंद्रभान किसनराव गावंडे, अकोट. मास्तर सही करून राहिले अन् मी पाहून राहिलो.