मानेवरचा सांधा

४ फेब्रुवारी, मंगळवार

जमलं! नवरीच्या मामाने एकदाचे डोळे उघडले. अख्ख्या लग्नात या माणसाने फोटोपुरते डोळे मिटलेत. शेवटी पंगतीच्या फोटोत त्याचाच एक चेहरा सापडला – गालात घास, पण डोळे टक्क उघडे. तो उचलला, गाल आत दाबला, स्टेजवरच्या मानेवर बसवला. आमचे स्टुडिओमालक शहेबाजभाई स्क्रीनला नाक लावून बघत होते. "कुठं जोडला बे? सांधाच दिसंना की!" खूश झाले की मी बाई आहे हे विसरतात.

नेकनूरच्या या स्टुडिओत आले तेव्हा पासपोर्ट फोटो कापत बसायचे. आता गेवराईचा फोटोवालासुद्धा अवघड कामं आमच्याकडे पाठवतो. म्हणजे माझ्याकडे!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मांजरसुंब्याचा एक पोरगेला फोटोग्राफर आला होता. "हे चेहरे बसवणं तर मोबाईलवर एका बोटात होतंय." करूनही दाखवलं. फोटोतल्या धनगर आजोबांच्या मानेवर साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत चेहरा! पोट धरून हसले. मग त्याला शेजारी बसवून शिकवलं. उजेड ज्या बाजूने, त्याच बाजूने उजळलेला चेहरा शोधायचा. रंग मानेशी जुळवायचा. आणि मुंडासं बांधणाऱ्याचं कपाळ गोरं असतं, गाल रापलेले – सगळं एकाच रंगात रंगवलं तर घरची बायकोही ओळखणार नाही. शेवटी फोटो आरशासारखा उलटा करून बघायचा. चोरी लगेच दिसते.

जाताना म्हणाला, "मॅडम, क्लास घेता का?"

मॅडम!!

८ फेब्रुवारी, शनिवार

आईला सांगितलं, मला मॅडम म्हणाले. ती म्हणाली, "भाकर गार हुतीय."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गेवराईवाल्याकडून काम आलं. गिऱ्हाईक चकलांब्याचं. घरातल्या सगळ्यांचा फोटो, मध्ये खुर्चीवर म्हातारे तात्याबा. ते वारले. वर्षश्राद्धाला फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा आहे, आणि सगळे एकत्र असलेला हा एकच. निरोप – मागच्या रांगेत डावीकडून दुसरी बाई आहे, तिच्या जागी सोबतच्या फोटोतल्या सूनबाईचा, धनश्रीचा चेहरा लावा.

डावीकडून दुसरी मी आहे.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीला या घरातून माहेरी आले, मग न्यायला कोणी आलंच नाही. ना निरोप, ना सोडचिठ्ठी. आणि माझ्या नवऱ्याने, रामेश्वरने दुसरं लग्न केलं हे मला असं कळावं! संताप संताप झाला.

भाईंनी ओळखलं. "ऱ्हाऊ दे उज्ज्वला. परत पाठवून देतो. कावून जिवाला त्रास?"

"नको. मीच करणार."

माझ्या मानेवर दुसऱ्या कुणी अर्धवट काम केलेलं मला चालायचं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

झालं. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम! धनश्रीचा चेहरा ट्यूबलाइटमधला, निळसर. त्याला दुपारचं ऊन दिलं. हनुवटीखाली सावली घातली. केसांची एकेक बट वेगळी काढली. उलटा करून पाहिला, काडेपेटीएवढा करून पाहिला. मला मीच सापडले नाही.

रडू आलं, खोटं कशाला लिहू. पण काम बघून मान ताठ झाली. एरवी खाली गेवराईवाल्याचं नाव टाकतो. आज आमच्या स्टुडिओचं टाकलं, नंबरासकट. त्या भिंतीवर माझं काहीतरी राहू दे की!

२५ फेब्रुवारी, मंगळवार

स्टुडिओचा फोन मीच उचलला. तरुण, दबका आवाज.

"चकलांब्याचा फोटो तुमीच केला का? लई खरा केलाय ताई. मलाच वाटलं, मी तितं हुते."

धनश्री! आणि मला काय वाटावं? अभिमान!

मग म्हणाली, "घरचे म्हणले, अंग वन्संचं घेतलंय. वन्संचं तर लगीनच न्हाई झालं अजून. मग ह्या गळ्यात डोरलं कुणाचं हाय?"

मी चेहरा बघितला, कान बघितले, केस बघितले. गळ्याकडे लक्षच गेलं नाही. अजूनही तेच डोरलं माझ्या गळ्यात आहे, रोज आरशात दिसतं. मला ते वेगळं दिसणार कसं?

"बघून सांगते," म्हणाले. तिने तिचा नंबर दिला.

भाई म्हणतात, "गिऱ्हाइकाच्या घरात आपुन पडू न्हाई." आई म्हणते, "तिचं तरी घर ऱ्हाऊ दे." दोघांचंही पटतं. पण मग मी कोण? कुणीच नाही?

२६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी धनश्रीला मूळ फोटो पाठवला. खाली लिहिलं – "डोरलं माझं आहे. मी उज्ज्वला, रामेश्वरची बायको."

दुपारी मेसेज आला – "त्यांचं पहिलंच लगीन सांगून मला दिली हुती ताई. बीडला उतरले हाय. नेकनूरच्या गाडीत बसते. तुमी स्टुडिओतच थांबा."