बाकाखालची जागा बॉबिनचीच राहील

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, धंदा मिळेल तो, राहणार सध्या बाबांच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि कोणीही मानगुटीवर बसलेलं नसताना लिहून ठेवतो. घरात मला भिंगरी म्हणतात. सतराव्या वर्षी घर सोडलं, तेव्हापासून पाय एका जागी ठरला नाही, म्हणून. उद्या माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. ती जन्मापासून नीट मिटतच नव्हती, हे बंदरावर पोती उचलताना आडवा झालो तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक सगळं ठीक होईल." त्या 'बहुतेक'साठी हा कागद. मला मरायचं नाही. पण मी गेलो तर बॉबिनची रवानगी परत पिंजऱ्यात होईल, आणि ते मी होऊ देणार नाही. बाकीची कलमं त्यासोबत आली आहेत.

कलम १. बॉबिन म्हणजे माझी कुत्री. रंग तपकिरी, छातीवर पांढरा डाग, एक कान कायमचा पडलेला. कोणी एकाने बंद गोदामात कोंडून ठेवलेल्या कुत्र्यांतली ही एक. प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या काकूंनी सोडवून आणली तेव्हा ती भिंतीला तोंड लावून बसायची. शेजारच्या पिंजऱ्यात कोणी भुंकलं की हिचं खाणं बंद. मी तिथे नळाचा वायसर बदलायला गेलो होतो. (काकू, तो नळ अजून ठिबकतोय, माहीत आहे.) काकू म्हणाल्या, "हिला थोडे महिने कुणाच्या घरात ठेवायला हवं. माणसाळली की कायमचं घर शोधू." मी म्हटलं, मी नेतो. त्यांनी मला खालून वर पाहिलं.

"तू? तुला फोन लावावा तेव्हा मागे वेगळंच गाव ओरडत असतं."

"आता घरीच आहे हो. डॉक्टरांनी बांधून घातलंय."

"मग काय, दोघंही बांधलेले. ने."

हा कागद कसा करायचा ते विचारायला गेलो तेव्हा वकीलबाईंनी सांगितलं की कायद्याच्या लेखी कुत्रं ही वस्तू, आणि दुसऱ्याची वस्तू मृत्युपत्रात देता येत नाही. बॉबिन माझ्याकडे तात्पुरती होती. म्हणून सोमवारी निवाऱ्यात जाऊन मी तिला कायमची माझ्या नावावर करून घेतली. मी आजवर भाड्याच्या खोलीवर, नोकरीवर, साध्या वाचनालयाच्या कार्डावरही कायमचं नाव लावलेलं नाही. काकू दोनदा म्हणाल्या, "नीट विचार केलास ना?" केला होता. आता ती माझी आहे, आणि माझी आहे म्हणून मी तिला देऊ शकतो. कोणाला, ते कलम ४ मध्ये. आधी बाकीचं उरकतो.

कलम २. घर बाबांचं आहे. त्यात पुढेमागे माझा जो काही वाटा निघेल तो ताईला. अट एकच: दुकानातल्या कामाच्या बाकाखालची जागा बॉबिन असेतोवर तिची. तिथे खोकी, जुनी पायडलं, चिंध्यांचं गाठोडं, काहीही सरकवू नये. ताई, तू आवराआवर करायला आलीस की तुझा हात थांबत नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

बँकेत जे असेल ते बॉबिनच्या खाण्याला आणि जनावरांच्या डॉक्टरांना. सायकल ताईच्या मुलीला. तंबू कोणालाही द्या, त्याला एका बाजूने भोक आहे. ते कसं पडलं ती गंमत मोठी आहे. डोंगरावर एका मेंढपाळाबरोबर राहत होतो, त्याची एक शेळी होती, आणि त्या शेळीला माझा तंबू म्हणजे... असो. वकीलबाई म्हणाल्या होत्या, विषय सोडू नकोस.

पंधराव्या वर्षी बाबांनी दिलेला पेचकसांचा संच बाबांना परत. सगळ्यांची टोकं झिजली आहेत. एकाने मी डबे उघडत होतो.

कलम ३. दाजींविषयी. दाजी म्हणजे ताईचे यजमान. बॉबिन येऊन महिना होत आला तेव्हा ते जेवायला आले होते आणि ताटावर बसून म्हणाले, "सासऱ्यांना आता दोन पोसायचे. एक भुंकत नाही आणि दुसरा कमवत नाही." सगळे हसले. मीही हसलो, वाक्य चांगलं होतं. पण जेवण झाल्यावर ते म्हणाले, "एकदा ओढून बाहेर काढली की भीती मोडते, थांब दाखवतो," आणि मी हात धुवून येईपर्यंत त्यांनी तिला पट्ट्याला धरून बाकाखालून फरफटत काढली होती. तिला जागच्या जागी लघवी झाली. पाय ताठ, डोळे पांढरे. त्यानंतर कितीतरी दिवस ती आमच्यासमोर पाण्यालाही तोंड लावेना. महिन्याभराचं सगळं पाण्यात गेलं.

सबब, बॉबिनचा पट्टा दाजींच्या हातात कधीही देऊ नये. हा राग मी सोबत नेणार नाही, इथेच ठेवून जातो, आणि ताईने तो सांभाळावा. मात्र दुसऱ्या दिवशी दाजी स्वतः येऊन फरशीवर टाकायला रबरी चटई ठेवून गेले, हेही नोंदवतो. माझे डोंगरात चालायचे बूट दाजींना. मापाचे आहेत.

कलम ४. बॉबिन मी बाबांना देतो.

ताईला वाटेल, माझं डोकं ठिकाणावर नाही. म्हणून कारण देतो.

काकूंनी नियम सांगितले होते. डोळ्यांत बघायचं नाही. हात वरून आणायचा नाही. तिच्या पळायच्या वाटेत बसायचं नाही. बाकी काही करायचं नाही, नुसतं असायचं. मला वाटलं, सोपं आहे, मी फलाटावर झोपलेला माणूस. पण नुसतं असणं हेच मला येत नाही. मी फरशीवर आडवा पडायचो आणि थोड्या वेळाने हळूच मान वळवून बघायचो, आली का जवळ? की ती परत भिंतीत. रोज तेच.

बाबा मात्र कायम बाकाशी, भिंतीकडे तोंड, जगाकडे पाठ. लहानपणापासून मी त्यांची पाठच पाहत आलो. पहिल्यांदा घर सोडलं तेव्हा पाठीवर पिशवी घेऊन दारात उभा राहिलो, म्हटलं, "निघतो." ते म्हणाले, "दार ओढून घे." दर वेळी तेच. परत आलो की, "आलास? दार लाव." वळले नाहीत. हे मी इतकी वर्षं मनात धरून होतो. मरायच्या कागदात खोटं कशाला लिहू.

दाजींच्या त्या प्रतापानंतर मी हात टेकले होते. बाबा मात्र चहाबरोबर पाव खाताना डावा हात स्टुलाखाली लोंबता सोडायला लागले, बोटांत तुकडा धरून. उजव्या हाताने काम चालू. तुकडा गेला की दुसरा. नावही त्यांनीच ठेवलं. "पत्र्याखाली दडून बसते आणि सगळं धाग्यासारखं आत गुंडाळून घेते. बॉबिनच आहे." मी तिच्यासाठी 'राणी' नाव ठरवलं होतं, ते कोणी विचारलंही नाही.

मग एका दुपारी ते न वळता कुजबुजले, "कुठाय रे ती?"

"तुमच्या चपलेवर. हनुवटी टेकलीय."

"मग गप्प बस."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, आपलं मशीन न्यायला. बाबा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "उद्या या. पाय अडकलाय." ती बाई दाराबाहेरून बघते तर पाय कुठेच अडकलेला नाही. उधारीवर काम न करणारा, वेळेचा काटेकोर माणूस, त्याने तयार मशीन दिवसभर अडवून ठेवलं.

त्याच दुपारी बॉबिन उठू नये म्हणून मी सरपटत बाबांच्या गुडघ्यापाशी गेलो आणि वर पाहिलं. मशीनचं पोट तपासायचा त्यांचा तळहाताएवढा गोल आरसा बाकावर चिमट्याला लावलेला असतो. दारातून तो मी शेकडो वेळा पाहिला होता, पण त्यांच्या बाजूने कधीच नाही. त्यात मशीनचं पोट नव्हतं. त्यात पूर्ण दार होतं, उंबरा होता, पलीकडे वळणापर्यंतचा रस्ता होता. खाली कडेला बॉबिनचा पडलेला कानही होता. ते तिला सुरुवातीपासून बघत होते, न बघता. मला विचारलं ते मला कळावं म्हणून.

मी म्हटलं, "आरसा दाराकडे का?"

"मागून कोण आलं कळायला नको?"

"आणि कोण गेलं ते?"

त्यांनी मोकळ्या पायाने पायडल मारलं. मशीन धडधडलं. बॉबिन दचकली नाही.

म्हणून बॉबिन बाबांची. बाबांना झेपेनासं झालं तर ताईची. पिंजऱ्यात ती परत जाणार नाही, कोणी कितीही समजावलं तरी. रस्त्यावर ती अजून उतरत नाही, उंबऱ्यापर्यंत येऊन उभी राहते. तिला ढकलू नये. ती उतरेल तेव्हा उतरेल, आणि ते मी स्वतः बघणार आहे. आरसा आहे त्याच कोनात ठेवावा.

कलम ५. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही म्हणतात. म्हणून काकूंना काही ठेवलेलं नाही. काकू, नळ मी नक्की करतो. अंमलबजावणी ताईने करावी.

कलम ६. हे सगळं आज बाबांना वाचून दाखवलं. कलम ४ सुद्धा. ते आरशातच बघत होते, आणि या वेळी मीही आरशातच बघितलं. मग म्हणाले, "कुत्री ठेवतो. ते मरायचं तेवढं काढून टाक."

"त्याशिवाय मृत्युपत्र होत नाही, बाबा."

"मग राहू दे. पण फाडायला तूच ये."

त्यानुसार, हे मृत्युपत्र रद्द करण्याचा हक्क मी राखून ठेवतो, आणि तो वापरायचा माझा पक्का बेत आहे.

सही: (भिंगरी)

ठिकाण: दुकानाची फरशी, बाकाशेजारी. बाबांना उठता येत नाही, पाय अडकलाय.

दिनांक: दवाखान्यात भरती व्हायच्या दिवशीची सकाळ, गुरुवार.

साक्षीदार:
१. निवाऱ्यातल्या काकू (सही)
२. शेजारचा कुलूपकिल्लीवाला (सही)

लिहून देणाऱ्याने आम्हा दोघांसमोर सही केली आणि आम्ही त्याच्यासमोर केली. आम्ही दोघं परकी माणसं दुकानात येऊन बसलो, सह्या केल्या, उठलो. तेवढ्या वेळात कुत्री जागची हलली नाही, हेही आम्ही आमच्या डोळ्यांनी, आरशात, पाहिलं.