कागद हातात आल्याशिवाय

२ मार्च, सोमवार

राजीनामा दिला! तेवीस वर्षं परदेशातल्या या हॉटेलच्या धोबीखान्यात परक्यांच्या चादरी इस्त्री केल्या, आता पुरे. मॅनेजरबाई म्हणाली, "शेवटच्या दिवशी ओळखपत्र आणि विम्याचं कार्ड जमा करायचं." एवढंच. तिला चहाचा कपसुद्धा खाली ठेवावासा वाटला नाही. म्हणजे एकतीस तारखेपर्यंत मी आजारी पडू शकते. एक तारखेपासून मनाई.

४ मार्च

धाकट्या भावाला फोन केला. वाटलं, बहीण कायमची परत येतेय, खूश होईल. तर म्हणाला, "ताई, तिकडूनच विमा काढ. कागद हातात आल्याशिवाय विमानात पाय ठेवू नकोस." कधी येतेस, खोली झाडून ठेवू का – छे! थकलेल्या आवाजात दोन वाक्यं बोलला आणि ठेवला फोन. राजेसाहेबांना बहिणीशी बोलायचाही कंटाळा!

७ मार्च

मायदेशातल्या विमा एजंटाशी व्हिडिओवर बोलले. सतत हसत असतो. त्याचं नाव हसरा. मी म्हटलं, सहा वर्षं मधुमेहाच्या गोळ्या घेतेय. हसू किंचित कमी. "ते लिहायलाच हवं का, ताई?" मी म्हटलं, लिहिणार. "मग साखरेमुळे जे काही होईल त्याचे पैसे तीन वर्षं मिळणार नाहीत." म्हणजे डोळे, पाय, हृदय तीन वर्षं कपाटात कुलूप लावून ठेवू?

आणि अर्जातला नववा रकाना – गेल्या बारा महिन्यांत देशात सलग किती दिवस राहिलात? शून्य. शून्य लिहिलं की अर्ज पुढेच जात नाही. विमा हवा तर तिथे राहायला हवं. तिथे राहायला जायचं तर भावाला आधी विमा हवा. काय एकेक विद्वान!

८ मार्च

भावाचा पुन्हा तोच प्रश्न. "झालं का?" नाही झालं!

१३ मार्च

हसऱ्याने वाट काढली. भावाचा पत्ता घालायचा, वर वैद्यकीय तपासणी जोडायची. इथल्या दवाखान्यात गेले. डॉक्टरने स्टेथोस्कोप स्वेटरवरूनच टेकवला, टेकवला की नाही देव जाणे. दोन मिनिटांत शिक्का. घरी येऊन अहवाल वाचला – प्रोस्टेट नॉर्मल! अभिनंदन माझं. त्रेपन्नाव्या वर्षी हेही सुख लाभलं.

१६ मार्च

चुकीचा अहवाल म्हणून अर्ज परत. बदलून आणायला गेले. काउंटरवरची मुलगी म्हणे, "पण नॉर्मलच आहे ना?"

२० मार्च

पुन्हा भाऊ! तिसऱ्यांदा. आज मी फाडफाड बोलले. "घाबरू नकोस, तुझ्या गळ्यात पडणार नाही. आजारी पडले तर रस्त्यावर जाऊन पडेन." तो हळूच म्हणाला, "तसं नाही गं, ताई." आणि ठेवला.

तसंच आहे. मी परत यायला हवी, पण कागदात गुंडाळून! लहानपणी याला पाठीवर घेऊन शाळेत पोचवत होते, तेव्हा नाही मागितला कुठला कागद.

२५ मार्च

हसरा म्हणतो, आणखी तीन आठवडे. इथलं कार्ड सहा दिवसांचं. घरमालकाने खोली दाखवायला माणसं आणली, ती माझ्या पलंगावर बसली. दिवसभर डोकं भणभणतंय. भावाला कळवलं नाही. कशाला कळवू?

२७ मार्च

आज त्याच्या नंबरावरून भावजय बोलली. रडत होती. धाकटा वर्षभर डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीनदा. स्वतःचा विमा कधी काढलाच नव्हता, आणि आता कुणी देत नाही. मला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती तिला. "ताई, रोज म्हणतात हो, तिचं माझ्यासारखं होऊ नये."

परवाचं तिकीट काढलं. कागदाशिवाय.